अमृता शेर-गिल : एका घरात घडलेली चित्रकर्ती

वाचकहो, अमृता शेर-गिल हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. चित्रकलेच्या शिक्षकांनी तर ते परीक्षेपुरते पाठही केले असेल. जन्म १९१३, मृत्यू १९४१, आधुनिक भारतीय चित्रकलेच्या अग्रणी, झाले! दोन ओळींत माणूस संपतो. परंतु अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या आयुष्यात जिने एवढे करून ठेवले, ती मुलगी कोणत्या घरात वाढली, त्या घरात सकाळ-संध्याकाळ काय चालत असे, भिंतीवर काय होते आणि वडील फावल्या वेळात काय करीत, हे आपण सहसा विचारीत नाही. शिक्षकाच्या नात्याने मला तेच अधिक महत्त्वाचे वाटते. म्हणून या लेखात अमृताच्या चित्रांइतकेच तिच्या घराविषयी सांगणार आहे. आणि घराविषयी सांगायचे म्हणजे तिच्या वडिलांपासून सुरुवात करणे प्राप्त आहे.

सरदार उमरावसिंग शेर-गिल यांचा जन्म १८७० चा, अमृतसर जिल्ह्यातील मजिठा येथील नामांकित शीख सरदार घराण्यात. त्यांचे धाकटे बंधू सर सुंदरसिंग मजिठिया राजकारणात आणि साखरधंद्यात पुढे आले. थोरल्या भावाचा ओढा निराळाच होता. संस्कृत आणि फारसी या दोन्ही भाषांचा त्यांचा व्यासंग गाढा होता. आकाशातील ग्रहतारे पाहावेत, योगाभ्यास करावा, सुतारकाम करावे, सुंदर अक्षर गिरवावे, असे त्यांचे दिवस जात. आपल्या वाचकांना विशेष वाटेल अशी गोष्ट ही की अल्लामा इक्बाल यांच्याशी त्यांचा स्नेह होता. इक्बालांच्या फारसी काव्याचे ते जाणकार होते आणि पुढे इक्बाल युरोपच्या प्रवासात पॅरिसला आले तेव्हाही दोघांची भेट झाली. एक शीख सरदार आणि एक मुसलमान शायर फारसीच्या धाग्याने जोडले गेले होते, असा तो पंजाब होता.

या सरदारांना आणखी एक छंद होता आणि तो त्यांनी विशीपासून म्हातारपणापर्यंत, म्हणजे सुमारे साठ वर्षे जोपासला. तो छंद छायाचित्रणाचा. त्यांनी पैशासाठी कधी एक चित्र काढले नाही. फोटो स्टुडिओत पडद्यावर बाग रंगवून त्यापुढे गिऱ्हाईक उभे करण्याचा तो काळ. उमरावसिंगांनी मात्र स्वतःच्या घरातील माणसे आणि सर्वांत जास्त वेळा स्वतःलाच टिपले. कधी पुस्तकात डोके घातलेले, कधी दुर्बिणीपाशी, तर कधी उघड्या अंगाने, लांब केस मोकळे सोडून, उपवासानंतर उभे राहिलेले असे त्यांचे अनेक फोटो आहेत.

आज खिशातल्या फोनने दिवसाला पन्नास फोटो काढणाऱ्या आपल्या मुलांना त्या काळचे काम समजावून सांगितले पाहिजे. तेव्हा कॅमेऱ्यात काचेची पट्टी घालावी लागे. तिच्या एका अंगाला चांदीच्या क्षारांचा थर असे. प्रकाश पडला की त्या थरावर डोळ्यांना न दिसणारे चित्र उमटे. मग अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याच्या उजेडात ती काच रसायनात बुडवायची, धुवायची, वाळवायची. काचेवर काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे दिसे. त्यावरून पुन्हा कागदावर छाप घ्यायचा तेव्हा कुठे फोटो तयार होई. घराच्या आत उजेड बेताचा, त्यामुळे कॅमेऱ्याचे झाकण बराच वेळ उघडे ठेवावे लागे आणि तोवर समोरच्या माणसाने हलता कामा नये. एक काच वाया गेली तर पैसे गेलेच, शिवाय दिवसही गेला. तेव्हा फोटो काढण्यापूर्वीच मनात पुरता काढून घ्यावा लागे. खुर्ची कुठे, खिडकी कोणत्या बाजूला, हात मांडीवर की टेबलावर, हे आधी ठरे.

उमरावसिंगांनी जोडचित्रांचा कॅमेराही वापरला. त्यात दोन भिंगांतून एकाच दृश्याची दोन चित्रे निघत आणि ती दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहिली की खोलीला खरीखुरी खोली असल्याचा भास होई. रंगीत काचाही त्यांनी हाताळल्या. फ्रान्समधील ल्युमिए बंधूंनी १९०७ मध्ये बाजारात आणलेल्या या काचांवर बटाट्याच्या पिठाचे रंगवलेले सूक्ष्म कण पसरलेले असत. हेच ते ल्युमिए, ज्यांची हलती चित्रे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात प्रथम दाखवली गेली. असो.

पहिली पत्नी निवर्तल्यानंतर उमरावसिंगांची लाहोरमध्ये मारी आंत्वानेत गोत्समान या हंगेरियन बाईंशी ओळख झाली. महाराजा रणजितसिंगांची नात राजकन्या बांबा हिच्याबरोबर त्या हिंदुस्थानात आल्या होत्या. बाई गाणाऱ्या होत्या, पियानो वाजवीत. फेब्रुवारी १९१२ मध्ये लाहोरात विवाह झाला आणि दांपत्य हंगेरीला गेले. ३० जानेवारी १९१३ रोजी बुडापेस्ट शहरात अमृताचा जन्म झाला. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये धाकटी इंदिरा जन्मली. थोड्याच महिन्यांत पहिले महायुद्ध पेटले आणि हे कुटुंब हंगेरीतच अडकून पडले. उमरावसिंगांचे काही हिंदी क्रांतिकारकांशी संबंध असल्याचा ब्रिटिश सरकारला संशय होता, त्यामुळे मायदेशी परतणे आणखी अवघड झाले. मधली काही वर्षे त्यांनी बुडापेस्टजवळच्या दुनाहरास्ती या खेड्यात काढली.

या खेड्यातील घरात अमृताच्या चित्रांना सुरुवात झाली. आई मुलींना हंगेरियन परीकथा सांगे आणि ऐकता ऐकता पाच वर्षांची अमृता त्या कथा कागदावर उतरवी. रंगीत खडू, जलरंग, जे हाती लागेल त्याने ती काढी. गोष्ट आईची असली तरी चित्र मुलीचे असे. वाचकहो, इथे क्षणभर थांबू या. मूल चित्र काढते यात नवल ते काय? प्रत्येक मूल काढते. कोळशाने भिंतीवर काढते, पाटीवर काढते, वहीच्या मागच्या पानावर काढते आणि त्याबद्दल मार खाते. या घरात काय वेगळे होते, तर ती चित्रे जपली गेली. तिच्या बालपणीच्या कित्येक चित्रांचे कागद आजही टिकून आहेत. युद्ध, स्थलांतर, हंगेरीहून हिंदुस्थान, हिंदुस्थानातून इटली, पुन्हा परत, मग पॅरिस, एवढी सामानाची बांधाबांध झाली तरी पाच-सात वर्षांच्या पोरीचे कागद कोणी चुलीत घातले नाहीत. वडील एकेक काच जपणारे होते, त्यांच्या घरात कागद जपले जाणे ओघानेच आले.

दुसरे असे की ही मुलगी कॅमेऱ्यासमोर वाढली. वडील मुलींना पोशाख घालून बसवीत, आरशाजवळ उभे करीत, आईबरोबर, पुस्तकांबरोबर, बाहुल्यांबरोबर टिपीत. न हलता बसायचे, अंगावर उजेड कुठून पडतो याचे भान ठेवायचे, आपला हात कसा दिसतो ते लक्षात ठेवायचे, हा धडा तिला लिहिता-वाचता येण्याआधीच मिळाला असला पाहिजे. तिच्या पुढच्या काळातील चित्रे पाहिलीत तर ध्यानात येईल की त्यांतील माणसे क्वचितच धावपळ करतात. ती बसलेली असतात, वाट पाहत असतात, काचेवर उमटण्यासाठी थांबल्यासारखी. या दोन गोष्टींचा संबंध मी जोडतो आहे. तो तुम्हाला पटावा असा आग्रह नाही, पण फोटो आणि चित्रे शेजारी ठेवून एकदा पाहावीत.

१९२१ च्या आरंभी कुटुंब हिंदुस्थानात परतले आणि सिमल्याच्या समर हिल भागात राहू लागले. डोंगराच्या उतारावरचे घर, देवदारांची झाडी आणि आत युरोपीय थाटाची बैठक. आईचा पियानो, वडिलांची फारसी-संस्कृत पुस्तके आणि रसायनांचा वास, असे ते मिश्र घर. आईच्या दिवाणखान्यात पाहुण्यांची वर्दळ असे, वडील आपल्या खोलीत शांत. मुलींना पियानो आणि व्हायोलिन शिकवायला शिक्षक येत. सिमल्याच्या गेइटी थिएटरात दोघी बहिणी कार्यक्रमही करू लागल्या.

चित्रकलेसाठी मेजर व्हिटमार्श नावाचे शिक्षक ठेवले होते. ते म्हणे एकच वस्तू पुन्हा पुन्हा काढायला लावीत. अमृताला त्याचा कंटाळा येई. त्यांच्या जागी बेव्हन-पेटमन हे दुसरे शिक्षक आले. माझी सहानुभूती मुलीकडे आहे, पण मेजरसाहेबांनाही मी सर्वस्वी दोष देणार नाही. आमच्या वर्गात चित्र काढा म्हटले की चाळीसपैकी तीस मुले दोन डोंगर काढतात, मधून उगवता सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी. त्यांतील कोणाच्या गावात असा डोंगर नाही, अशी नदीही नाही. हे चित्र मुले आपल्या डोळ्यांनी पाहून काढीत नाहीत, मागच्या इयत्तेकडून पुढच्या इयत्तेकडे ते वारशाने येते. समोरची सुरई दहादा काढायला लावणारा शिक्षक निदान मुलाला पाहायला तरी लावतो. आणि चित्रकलेचा तास परीक्षा जवळ आली की गणिताला देऊन टाकायचा, हा तर आपल्याकडचा शिरस्ताच. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय परीक्षांना मुले बसतात, गुण वाढतात, तेवढ्यापुरते रंग विकत घेतले जातात.

शाळेशी अमृताचे कधी जमले नाही. १९२४ मध्ये आईने मुलींना इटलीत फ्लॉरेन्सला नेले आणि तेथील एका कडक शिस्तीच्या शाळेत घातले. काही महिन्यांतच त्या परत आल्या. सिमल्यातील कॉन्व्हेंटमध्येही धर्मविधींच्या सक्तीवरून खटका उडाला आणि ती शाळा सुटली. यानंतर तिचे शिक्षण घरीच झाले. बारा वर्षांची असताना ती रोजनिशी लिहीत असे. त्यात तिने एका लग्नाची हकीकत लिहून ठेवली आहे. नवरी अवघी तेरा वर्षांची होती आणि नवरा पन्नाशीचा. दागिन्यांनी मढवलेल्या त्या पोरीच्या चेहऱ्यावरचे दुःख बारा वर्षांच्या अमृताने टिपले होते. अकरा वर्षांनी, १९३६ मध्ये तिने बालवधूचे चित्र काढले आणि १९३७ मध्ये वधूच्या शृंगाराचे. नटवल्या जाणाऱ्या मुली तिच्या चित्रांत वारंवार येतात आणि त्यांतील एकीच्याही मुखावर आनंद नाही.

१९२६ मध्ये तिचे मामा एर्विन बक्ताय हंगेरीहून आले. मामा स्वतः चित्रकला शिकलेले आणि पुढे भारतीय विद्येचे अभ्यासक म्हणून नावाजलेले. त्यांनी भाचीची चित्रे पाहिली आणि मनाने रचलेल्या राजकन्या सोडून समोरची माणसे काढायला सांगितले. घरातील नोकरचाकर, आसपासचे पहाडी लोक यांना बसवून ती काढू लागली. मुलीला पॅरिसला पाठवावे, हा सल्लाही त्यांचाच. विचार करा, एका मुलीच्या चित्रकलेसाठी १९२९ मध्ये सगळे कुटुंब सिमला सोडून पॅरिसला राहायला गेले! पैसा होता, हे खरेच. परंतु पैसा असलेली घराणी पंजाबात काही एकच नव्हती.

पॅरिसमध्ये बसानो रस्त्यावरच्या घरात हे कुटुंब राहिले. मोठे आरसे, जड पडदे, पियानो अशी ती खोली उमरावसिंगांनी अनेकदा टिपली आहे. आरसा त्यांच्या फार आवडीचा. एकाच फोटोत माणूस समोरून आणि मागून दिसतो. अमृताने आधी ग्रांद शोमिएर या कलाशाळेत आणि मग ल्युसियाँ सिमाँ यांच्या हाताखाली एकोल दे बोझार्त या नामवंत संस्थेत शिक्षण घेतले. १९३२ मध्ये तिने दोन तरुण मुलींचे एक चित्र केले. त्यातली एक तिची बहीण इंदिरा. खुर्च्या, कपडे, खोलीचा कोपरा, सगळे घरचेच. या चित्राला ग्रां सालोंचे सुवर्णपदक मिळाले आणि १९३३ मध्ये ती त्या संस्थेची सहसदस्य म्हणून निवडली गेली. तेव्हा तिचे वय वीस.

इतके यश मिळाल्यावर मुलीने तिथेच राहावे, असे कोणालाही वाटेल. अमृताला मात्र हिंदुस्थानात परतण्याची ओढ लागली. आपल्या चित्रकर्तीचे भवितव्य तिकडे आहे, असे तिच्या मनाने घेतले. आता एक गोष्ट सांगितली पाहिजे जी सांगताना मला अवघड वाटते. ज्या वडिलांनी तिच्यासाठी सगळे केले, तेच तिच्या परतण्याला राजी नव्हते. मुलीचे मोकळे वागणे येथील समाजाला रुचणार नाही, घराण्याच्या नावाला बोल लागेल, अशी त्यांना भीती होती. अमृताने पत्र लिहून त्यांना आपले म्हणणे ठामपणे कळवले. १९३४ च्या अखेरीस ती परत आली. वडिलांना फारसी येत होती, संस्कृत येत होती, मुलीच्या हातातील कुंचल्याचे त्यांना कौतुक होते, परंतु कुंचला धरणारी मुलगी मोठी झाली आहे, हे पचवणे त्यांना जड गेले. मुलींना शिकवा म्हणून आपणही समाजाला सांगतो. शिकलेली मुलगी स्वतःच्या मताने वागू लागली की आपल्यापैकी किती जणांचा जीव खालीवर होतो, हे ज्याचे त्याने पाहावे.

परत आल्यावर सिमल्याच्या कलासंस्थेने १९३५ मध्ये तिची काही चित्रे नाकारली आणि एकाला बक्षीस दिले. तिने ते बक्षीस परत केले. त्याच वर्षी तिने तीन मुलींचे चित्र केले. एकमेकींजवळ बसलेल्या, खाली पाहणाऱ्या, काहीही न बोलणाऱ्या त्या तीन मुली. १९३६ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात बारदा उकील यांच्यासह तिचे प्रदर्शन झाले. पुढच्या वर्षी बॉम्बे आर्ट सोसायटीने त्या तीन मुलींच्या चित्राला सुवर्णपदक दिले. मुंबईतच कार्ल खंडालावाला या कलाजाणकारांशी तिची मैत्री जुळली. त्यांच्या संग्रहातील मुघल, राजपूत आणि पहाडी लघुचित्रे पाहून ती हरखून गेली.

मुंबईहून ती अजिंठ्याला गेली. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या या लेण्यांपर्यंत आपल्या शाळांच्या सहली जातात. मुले माकडांना शेंगदाणे टाकतात, अंधारात काही दिसत नाही म्हणून कुरकुरतात आणि परत येतात. अमृताने तेथे काय पाहिले? चित्र ही चौकटीत घालून खिळ्याला टांगण्याची वस्तू आहे, असे ती पॅरिसमध्ये शिकली होती. अजिंठ्यात भिंत हेच चित्र होते. भिक्षू जेथे राहत, निजत, प्रार्थना करीत, त्याच विहाराच्या भिंतीवर आणि छतावर माणसांची रांग चालली होती. खांब, कमानी, सज्जे आणि त्यांत बसलेल्या स्त्रिया, सगळे काही थोड्या रंगांत. तेथून ती हैदराबादला आणि पुढे थेट कन्याकुमारीपर्यंत गेली. कोचीनजवळच्या मट्टनचेरी राजवाड्यात शयनगृहाच्या भिंतीही चित्रांनी भरलेल्या आहेत. तिने तेथे बसून त्यांच्या नकला उतरवून घेतल्या. १९३७ मध्ये सिमल्याला परत येऊन तिने वधूचा शृंगार, ब्रह्मचारी आणि बाजाराला निघालेले दक्षिणी खेडूत ही तीन मोठी चित्रे केली.

यानंतरच्या तिच्या चित्रांतून घर आणि अंगण हळूहळू मोठे होत जाते. १९३८ मध्ये तिने आपले मावसभाऊ डॉ. व्हिक्टर एगन यांच्याशी बुडापेस्टमध्ये विवाह केला. आईला तो मान्य नव्हता. १९३९ मध्ये ती नवऱ्यासह भारतात आली आणि गोरखपूर जिल्ह्यातील सराया येथे मजिठिया घराण्याच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत राहू लागली. डॉक्टर कारखान्याच्या लोकांना तपासत आणि अमृता चित्रे काढी. लाल खांबांचा व्हरांडा, झोका, हळद दळणाऱ्या बायका, खाटेवर पहुडलेली स्त्री, गोष्ट सांगणारा म्हातारा असे तिचे विषय. उत्तर हिंदुस्थानातील घरांत दुपारी बायकांचा वेळ कसा जातो, हे तिने जसे दाखवले तसे तिच्यापूर्वी तैलरंगात क्वचितच कोणी दाखवले असेल. भिंतीआड, पडद्याआड, उन्हाच्या तिरपेत, वाट पाहण्याशिवाय काही काम नसल्यासारख्या या स्त्रिया आहेत. मुघल लघुचित्रांतील पांढऱ्या भिंती आणि चौकोनी अंगणे तिने इथे आपलीशी केली.

आपल्या समाजात सजीवांची चित्रे घरात लावण्याविषयी संकोच आहे, याची मला जाणीव आहे. त्या भावनेचा मान राखूनच मी हे लिहीत आहे. मुघल दरबारातील कारखान्यांत ज्या मुसलमान उस्तादांनी ही लघुचित्रे घडवली, तेही आपलेच होते आणि खत्ताती म्हणजे अक्षरकलेचा वारसाही आपलाच आहे. मुलाने माणूस काढावा की वेल काढावी, हे घरोघरी ठरवता येईल. त्याने काढूच नये, असे मात्र कोठेही ठरलेले नाही.

आता ती दुसरी अवघड गोष्ट. अमृता १९३८ मध्ये लग्नासाठी बुडापेस्टला गेलेली असताना समर हिलच्या घरात तिची पत्रे जाळण्यात आली. मित्रांची, जाणकारांची, जवाहरलाल नेहरूंचीही काही पत्रे त्यांत होती. हे तिच्या आईवडिलांनीच केले. मुलीच्या खाजगी आयुष्याचा पुरावा मागे राहू नये, हा हेतू असावा. तिला हे कळले तेव्हा ती अतिशय दुखावली. ज्या घरात पाच वर्षांच्या मुलीचे खडूने काढलेले कागद जपले गेले, एकेक काच कापडात गुंडाळून ठेवली गेली, त्याच घरात पंचवीस वर्षांच्या मुलीची पत्रे आगीत गेली. वडिलांना कॅमेऱ्यासमोरची मुलगी ठाऊक होती. पाकिटातली मुलगी त्यांनी पाहिली आणि ते घाबरले, असे मला वाटते. आज तिच्या मनातले पुष्कळसे काही आपल्याला कळत नाही, ते त्यामुळेच.

सप्टेंबर १९४१ मध्ये अमृता आणि व्हिक्टर लाहोरला राहायला गेले. तेव्हाचे लाहोर लेखक-कलावंतांनी गजबजलेले होते. सर गंगाराम मॅन्शन्स या इमारतीत त्यांनी घर घेतले. डिसेंबरात तिचे मोठे प्रदर्शन भरायचे होते. अचानक आजार झाला आणि ५ डिसेंबरच्या रात्री ती गेली. वय अठ्ठावीस वर्षे, दहा महिने. रावीच्या काठी अंत्यसंस्कार झाले. त्याच सुमारास ब्रिटनने हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारले आणि हंगेरीचा नागरिक म्हणून तिच्या पतीला अटक झाली. आई त्या धक्क्यातून सावरली नाही. तिने १९४८ मध्ये स्वतःचा अंत करून घेतला. उमरावसिंग पंजाबची फाळणीही पाहून १९५४ पर्यंत जगले.

अमृताच्या हयातीत तिची फारच थोडी चित्रे विकली गेली. १९७६ मध्ये भारत सरकारने तिच्या चित्रांना राष्ट्रीय कलासंपत्ती घोषित केले आणि ती देशाबाहेर नेण्यास बंदी झाली. अंगणात जमलेल्या घरच्या माणसांचे, तिने १९३७ मध्ये काढलेले गोष्ट सांगणाऱ्याचे चित्र सप्टेंबर २०२३ मध्ये लिलावात ६१ कोटी ८० लाख रुपयांना गेले. वडिलांच्या काचा मात्र अनेक वर्षे घरच्यांकडेच होत्या. इंदिरेचे चिरंजीव, चित्रकार विवान सुंदरम यांनी त्या पेट्या उघडल्या आणि २००१-०२ मध्ये संगणकाच्या साहाय्याने आजोबांचे फोटो आणि मावशीची चित्रे एकमेकांत गुंफून नवी चित्रमाला केली. त्यामुळे वेगवेगळ्या वर्षांची, वेगवेगळ्या घरांतील माणसे एकाच खोलीत आली. २०२३ मध्ये विवानही गेले.

वाचकहो, आपण कधी दिल्लीला गेलात तर लाल किल्ला आणि जामा मशीद पाहालच. एक सकाळ आणखी काढा. इंडिया गेटजवळ जयपूर हाऊस नावाची जयपूरच्या महाराजांची जुनी वास्तू आहे. १९५४ मध्ये, ज्या वर्षी उमरावसिंग वारले त्याच वर्षी, तेथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले. अमृताची शंभराच्या आसपास चित्रे त्या संग्रहालयाकडे आहेत. सोमवारी ते बंद असते, हे लक्षात असू द्या. मुलांना बरोबर न्या आणि त्यांना प्रत्येक चित्रापुढे हवा तेवढा वेळ उभे राहू द्या. तीन मुलींचे चित्र लावलेले असेल तर तेथे जरा जास्त.